विचारायला पैसे पडत नाहीत



गेल्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडावरची गोष्ट. मी पोलादपूरला शाळेत तासिका तत्त्वावर शिकवायला जाते, हे तुम्हांला ठाऊक आहेच. त्या दिवशी शनिवार, म्हणजे सकाळची शाळा. दुपारी एस.टी.तून महाडला उतरले, भाजी घेतली आणि घरी येऊन पाहते तो पडवीत आमच्या चुलत जाऊबाई बसलेल्या. त्यांचं गाव पोलादपूरच्या वरच्या अंगाला. न कळवता त्या कधी येत नाहीत. पाणी दिलं, चहा टाकला. चहा अर्धा झाल्यावर त्यांनी पदराची गाठ सोडली. आत सोन्याची पोत.

"तुझ्या ओळखीचा सोनार आहे ना गं बाजारात? एवढी मोडून दे. वजनात फसवणार नाही असा पाहिजे."

त्यांच्या मुलाला दुबईला काम मिळालं होतं. मुलगा तेवीस वर्षांचा, नववीत शाळा सोडलेली, महाडच्या औद्योगिक वसाहतीत वेल्डरच्या हाताखाली काम करणारा. मुंबईच्या एका एजंटाने नव्वद हजार सांगितले होते. वीस हजार देऊन झाले होते. बाकीचे दिले की पंधरा दिवसांत विमानात.

आनंदाची बातमी होती. पण माझं मास्तरकीचं डोकं, कागद दिसला की वाचल्याशिवाय राहवत नाही. व्हिसाची झेरॉक्स त्यांच्या पिशवीत होती. वाचली, तर तो व्हिसा फिरायला जाणाऱ्यांचा! मी म्हटलं, "अहो जाऊबाई, पोरगा जातोय कामाला, मग व्हिसा पाहुण्याचा कसा?"

"तिकडे गेल्यावर बदलून देतात म्हणे."

"आणि पासपोर्ट कुठे आहे?"

"तो एजंटाकडेच आहे. त्याला लागतो ना."

खरं सांगते, तोवर मला तरी यातलं काय कळत होतं? चूक आहे असं मन सांगत होतं, पण जाऊबाईंना कोणत्या तोंडानं थांबवू? उद्या मुलाची नोकरी हुकली तर जन्मभराचा बोल माझ्यावर. मग वाटलं, आपण कशाला अंदाज बांधा? ज्यांचं काम आहे त्यांनाच विचारू.

आपल्या परराष्ट्र मंत्रालयाचं प्रवासी भारतीय सहायता केंद्र आहे. परदेशी कामाला जाणाऱ्यांच्या शंकांसाठी त्यांचा फुकटचा फोन आहे, १८००११३०९० हा. चोवीस तास चालतो. स्वयंपाकघरातल्या ओट्याशी उभं राहूनच मी तो लावला. हिंदीत बोलले. पलीकडच्या माणसाने पहिलाच प्रश्न केला, "एजंटाचा नोंदणी क्रमांक काय?" आम्ही दोघी एकमेकींच्या तोंडाकडे पाहत राहिलो. मग त्यांनी सांगितलं की नोंदणीकृत एजंटांची यादी 'ई-मायग्रेट' या सरकारी संकेतस्थळावर कोणालाही पाहता येते. संध्याकाळी आमच्या मुलीने मोबाईलवर ती उघडली. पुन्हा पुन्हा पाहिली. आमच्या एजंटाचं नाव तीत नव्हतं.

पोत पुन्हा पदरात बांधली गेली.

पुढचं थोडक्यात सांगते. आमचे 'हे', माझे चुलत दीर आणि गावचे दोन जाणते असे चौघे मुंबईला गेले. पासपोर्ट ही भारत सरकारची मालमत्ता आहे आणि तसं पासपोर्टवरच छापलेलं असतं. हे शांतपणे सांगितलं, पोलिसांचं नाव काढलं, तेव्हा पासपोर्ट परत मिळाला. वीस हजार मात्र मिळालेले नाहीत. तक्रार दिली आहे. ते येतील असं खोटं आश्वासन मी जाऊबाईंना दिलं नाही, तुम्हांलाही देत नाही.

पण त्या निमित्ताने मी या विषयाची पाटी घेऊन बसले आणि बरंच काही शिकले. महाड-पोलादपूरची किती घरं आखातातल्या पगारावर उभी आहेत, हे आपण रोज पाहतो. जाणारा मुलगा किंवा नवरा असतो, पण कागद सांभाळणारी, दागिना मोडणारी आणि फोनची वाट पाहणारी आपणच असतो. म्हणून हे आपल्याला यायला हवं.

पासपोर्टचा कायदा १९६७ चा आहे. परदेशी मजुरीला जाणाऱ्यांसाठी वेगळा कायदा आहे, १९८३ चा. ज्याची दहावी झालेली नाही, त्याच्या पासपोर्टवर ई.सी.आर. अशी नोंद येते. अर्थ असा, की हा माणूस ठरावीक अठरा देशांत नोकरीसाठी निघाला, तर आधी सरकारी अधिकाऱ्याने त्याचे कागद तपासून परवानगी द्यायची. सौदी अरेबिया, संयुक्त अरब अमिराती, कुवेत, कतार, ओमान, बहारीन हे आपल्या ओळखीचे देश त्यांत आहेत आणि मलेशियासुद्धा आहे.

या अधिकाऱ्याला 'प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्स' म्हणतात. साध्या भाषेत, बाहेर जाणाऱ्यांचा रखवालदार. मुंबईत २०१७ साली वांद्रे-कुर्ला संकुलात विदेश भवन उभं राहिलं. पासपोर्टचं कार्यालय आणि हे रखवालदाराचं कार्यालय तिथे एका छपराखाली आणली गेली. तो पाहतो काय? मालक कोण, पगार किती, करारावर काय लिहिलं आहे, व्हिसा कामाचाच आहे ना, आणि विमा काढला आहे ना. प्रवासी भारतीय बीमा योजना असं त्या विम्याचं नाव. दोन वर्षांना २७५ रुपये, तीन वर्षांना ३७५ रुपये हप्ता आणि अपघाती मृत्यू किंवा कायमचं अपंगत्व आल्यास १० लाख रुपये. आपल्याकडे एका साडीला याहून जास्त पैसे पडतात, हो ना?

आता पाहुण्याच्या व्हिसाची गोम कळली का? ई.सी.आर. पासपोर्टवाल्याला नुसतं फिरायला जायचं असेल तर ही परवानगी लागत नाही. म्हणून नोंदणी नसलेले एजंट कामाला जाणाऱ्याला फिरायला जातोय असं दाखवून पाठवतात. मग करार नाही, विमा नाही, त्याचा मालक कोण हे आपल्या सरकारच्या दप्तरी नाही. तिथे पगार थकला तर पोराने कोणाच्या नावाने बोट दाखवायचं?

आणखी एक आकडा पाठ करून ठेवा. नोंदणीकृत एजंटाला उमेदवाराकडून आपली फी म्हणून जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि त्यावरचा जी.एस.टी. एवढंच घेता येतं, तेही पावती देऊन. नव्वद हजाराचा आकडा ऐकला तेव्हा मला हे ठाऊक असतं तर फोन करायच्या आधीच सावध झाले असते.

माझ्या शाळेतल्या आया म्हणतात, "बाई, तो शिक्का पुसून मिळतो का?" मिळतो. दहावी पास झाल्याचं प्रमाणपत्र जोडून पासपोर्ट नव्याने काढला की नोंद जाते. मान्यताप्राप्त संस्थेचा दोन वर्षांचा डिप्लोमा असला, एकूण तीन वर्षं परदेशात काढलेली असली किंवा वय पन्नासच्या पुढे असलं तरीही ती लागत नाही. पण बायांनो, तो शिक्का कलंक नाही. नोंद गेली की रखवालदारही गेला! दहावी झालेल्या मुलाचा करार परवानगीसाठी कोणी तपासत नाही. तो त्याने स्वतः वाचायचा आणि त्याला जमत नसेल तर आपण वाचून घ्यायचा.

आता पासपोर्टच्या अर्जाकडे वळू, कारण निम्मी रडारड तिथेच होते.

अर्ज संगणकावर किंवा मोबाईलवर भरायचा, पैसे तिथेच भरायचे, केंद्र आणि वेळ तिथेच निवडायची. मोठ्या माणसाच्या ३६ पानी पासपोर्टला १५०० रुपये, अठराच्या आतल्या मुलाला १०००. तातडीचा हवा तर मोठ्यांना वर २००० जास्त. साठीच्या पुढच्यांना आणि आठ वर्षांच्या आतल्यांना नव्या पासपोर्टला दहा टक्के सवलत आहे, सासूबाईंचा काढताना लक्षात ठेवा. सरकारी संकेतस्थळाच्या नावाचा शेवट 'गव्ह डॉट इन' असा असतो. हुबेहूब दिसणारी खोटी संकेतस्थळं पैसे उकळतात, तेव्हा शेवट पाहूनच पुढे जा.

केंद्रात गेल्यावर टोकन मिळतं आणि तीन खिडक्या पार कराव्या लागतात. पहिलीत फोटो, बोटांचे ठसे आणि कागदांची नक्कल. दुसरीत अधिकारी मूळ कागद ताडून पाहतो. तिसरीत पासपोर्ट द्यायचा की नाही हा निर्णय. बाहेर पडताना पोच मिळते, तिच्यावर फाईल नंबर असतो. तो नंबर म्हणजे तुमच्या अर्जाची नाडी. कॅलेंडरच्या मागे लिहून ठेवा.

अर्ज अडतो तो बहुतेक वेळा नावावर. खिडकीपलीकडचा माणूस तुम्हांला ओळखत नाही, तो कागद ओळखतो. शाळेच्या दाखल्यावर दत्तात्रय, आधारवर दत्ताराम आणि घरी सगळे दत्तू म्हणतात. आपल्याला तिन्ही एकच, त्याला ती तीन माणसं. दाखल्यातल्या चुका शाळा सुटल्यावर दुरुस्त करणं किती किचकट असतं, हे मी शिक्षिका म्हणून सांगते. मूल शाळेत आहे तोवरच दाखला जन्मदाखल्याशी ताडून पाहा. १ ऑक्टोबर २०२३ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या बाळांना तर २०२५ पासून जन्मतारखेसाठी जन्मदाखलाच लागतो, दुसरा कागद चालत नाही.

आपल्या बायकांचं दुखणं निराळं. दहावीच्या प्रमाणपत्रावर माहेरचं नाव, आधारवर सासरचं, बँकेत भलतंच. लग्नाचा दाखला नाही म्हणून अर्जच न केलेल्या कितीतरी जणी मला भेटल्या. तो नियम डिसेंबर २०१६ मध्ये गेला! पासपोर्टला लग्नाचं प्रमाणपत्र जोडण्याची सक्ती तेव्हापासून नाही. एकट्या आईचं किंवा एकट्या वडिलांचं नाव देऊनही मुलाचा अर्ज करता येतो. माहेरचं नाव ठेवायचं असेल तरी ठेवा. फक्त ठरवा एकच, आणि कागद त्या एका नावाने सारखे करून घ्या.

मग पोलीस तपासणी. इथे आमच्या पुतण्याचा अर्ज पूर्वी महिनाभर रखडला होता, आणि दोष आमचाच. अर्जात गावचा पत्ता दिला, मुलगा राहत होता खोलीवर, जाऊबाई शेतावर. चौकशीला पोलीस आले तर दाराला कुलूप. आम्ही मात्र वरच्या लोकांना नावं ठेवत बसलो. शेवटी फाईल नंबर घेऊन विचारायला गेल्यावर कारण कळलं आणि तपासणी नव्याने झाली. अर्ज केलात की फोन चालू ठेवा, शेजारणीला सांगून ठेवा. जिथे खरोखर राहतो तोच पत्ता द्या. कार्यालयाकडून खुलासा मागणारं पत्र आलं तर घाबरून फळीवर ठेवू नका. वेळेत उत्तर द्या.

आपल्या महाडकरांना कागदांची किंमत वेगळी सांगायला नको. २२ जुलै २०२१ च्या पुरानंतर घरोघरी दोरीवर कपड्यांऐवजी कागद वाळत होते. गॅसची पुस्तकं, मुलांच्या गुणपत्रिका, पासपोर्ट. खराब झालेला पासपोर्ट बदलून घ्यायचा तर ३६ पानांना ३००० रुपये पडतात. म्हणून मूळ कागद जाड प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवी डब्यात आणि डबा माळ्यावर. शिवाय 'डिजिलॉकर'मध्ये आधार, गुणपत्रिका वगैरे ठेवता येतात आणि पासपोर्टच्या कामाला ते चालतात.

आता विचारायचं कसं? यालाच आपण बिचकतो. फोन लावला की गडबडतो, सगळं पुराण सांगतो आणि मुद्दा राहून जातो. मी मुलांना निबंधाआधी मुद्दे काढायला लावते, तसंच करा. फाईल नंबर, जन्मतारीख आणि प्रश्न आधी कागदावर लिहा. प्रश्न एकच विचारा: "अर्ज कोणत्या टप्प्यावर आहे आणि माझ्याकडून कोणता कागद हवा आहे?" मिळालेलं उत्तर तारखेसह वहीत टिपा. पासपोर्टसाठी फुकटचा फोन १८००२५८१८०० हा आहे. फोनने भागलं नाही तर लेखी तक्रार करा. तरीही दाद लागली नाही तर माहितीचा अधिकार आहे, २००५ च्या कायद्याने मिळालेला. केंद्र सरकारच्या कार्यालयाला दहा रुपये फी भरून अर्ज करायचा, तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. "माझ्या अर्जावर कोणत्या तारखेला काय कार्यवाही झाली?" एवढं एक वाक्य पुरे. चिडून चार पानं लिहिलीत तर उत्तर देणाऱ्यालाही आडवाटा सापडतात.

माणूस परदेशी पोचल्यावर अडचण आली तर तिथला आपला दूतावास आहे, आणि घरी बसून आपल्यालाही 'मदद' या सरकारी संकेतस्थळावर तक्रार नोंदवता येते. १९९० साली इराकने कुवेत घेतलं, तेव्हा एक लाख सत्तर हजारांहून जास्त भारतीयांना विमानांनी परत आणलं होतं. अशी वेळ पुन्हा कोणावर न येवो. पण वेळ सांगून येत नाही, आणि तेव्हा हाती पासपोर्टचा नंबर, मालकाचं नाव आणि पत्ता असलेला एक कागद घरी असावा.

तर पदराला गाठ मारून ठेवा:

१. पैसे देण्याआधी एजंटाचा नोंदणी क्रमांक मागा आणि यादीत पाहा.

२. कामाला जाणाऱ्याचा व्हिसा कामाचाच हवा. "तिकडे गेल्यावर बदलतो" हे ऐकलं की उठून या.

३. फी ३०,००० रुपये आणि जी.एस.टी.च्या वर नाही. पावतीशिवाय एक रुपयाही नाही.

४. मूळ पासपोर्ट कोणाकडे ठेवायची वेळ आलीच, तर कशासाठी आणि किती दिवस ते लिहून घ्या.

५. पासपोर्ट, व्हिसा, करार आणि विमा यांची एकेक प्रत घरी ठेवा.

६. कळलं नाही तर विचारा. विचारायला पैसे पडत नाहीत, न विचारल्याचे मात्र पडतात. आमचे वीस हजार पडले.

पुतण्याचं काय झालं, ते राहिलंच की! त्याने १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावीला बसायचं ठरवलं आहे. रविवारी तो आमच्याकडे येतो. मी भाजी निवडता निवडता त्याचं इंग्रजी घेते. पहिला धडा मी पुस्तकातला घेतला नाही. त्याच व्हिसाची झेरॉक्स पुढ्यात ठेवली आणि म्हटलं, "वाच बघू, यात काय लिहिलंय?" त्याने एकेका अक्षरावर बोट ठेवत 'व्हिजिट' हा शब्द वाचला आणि मान खाली घातली. म्हणाला, "काकी, हे एवढं आधी वाचता आलं असतं तर!"

गौरींच्या वेळी जाऊबाई आल्या तेव्हा गळ्यात पोत होती. मी काही बोलले नाही, त्याही बोलल्या नाहीत. जाताना मात्र हळूच म्हणाल्या, "तो फोनचा नंबर मला मोठ्या अक्षरात लिहून दे गं. आमच्या वाडीत दोघींची पोरं निघालीयत."

तुम्हीही हा अंक रद्दीत टाकण्याआधी ते दोन नंबर लिहून घ्या बरं का!